सात नंबरचं मीठ

सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचं मीठ डॉक्टरांनी बंद केलं आणि दुपारी अख्ख्या वॉर्डाचं सूप अळणी गेलं. चाळीस ताटं, एकोणचाळीस तक्रारी. एकाने तर परिचारिकेचा हातच धरला, "खरं सांगा सिस्टर, मला काय झालंय ते लपवताय ना?"

कुणाला काय वाढायचं ते रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर दिसे. तो प्रोग्रॅम लिहिणारी सहा वर्षं घर सांभाळून नुकती कामावर परतली होती, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. स्वयंपाकघरात तिचं नाव पडलं होतं स्क्रीनवाली.

मेट्रनबाई खाली आल्या. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटली. "आज मीठ गेलं. उद्या मधुमेहाच्या माणसाला गोड गेलं तर? उद्या दुपारी एक ताट जरी चुकलं, तर आपल्या कागदाच्या चिठ्ठ्याच बऱ्या. मग तुमचं काम इथे राहणार नाही."

"स्क्रीनवर चाळीसांना अळणी लिहिलेलं, मी तसं केलं बाई," आचारी मावशी पुटपुटल्या.

स्क्रीनवाली कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली. 'साधं जेवण' तिने एकदाच लिहिलं होतं आणि चाळीस खाटांना दिलं होतं. ओळ न् ओळ वाचली, चूक काही सापडेना. शेवटी हात टेकले.

"मावशी, एकालाच अळणी द्यायचं असलं की तुम्ही काय करता?"

"करायचं काय? मीठ घालायच्या आधी त्याचं वेगळं काढते. मोठ्या पातेल्यात हात घातला तर सगळ्यांचंच बदलेल. एवढंही कळत नाही होय गं?"

तिला कळलं. तिने वेगळं काढलंच नव्हतं. तिचा प्रोग्रॅम ज्या भाषेत होता त्या जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट, म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदी, नुसतं दुसऱ्याला देऊन नवं तयार होत नाही. ते कुठे ठेवलंय तेवढंच सांगितलं जातं. चाळीस खाटा एकाच पातेल्याकडे बोट दाखवत होत्या.

तिने भराभर प्रत्येक खाटेसाठी प्रत काढली. सात नंबरचं मीठ काढून पाहिलं. आठ नंबरचंही गेलं! मावशी डोकावल्या.

"आता काय झालं?"

"ताट वेगळं झालं मावशी, पण आतल्या वाट्या अजून सगळ्यांच्या त्याच आहेत."

"मग वाट्याही वेगळ्या कर की! नुसतं ताट काय चाटायचंय?"

प्रत वरवरची झाली होती. सुपाची नोंद आत होती, ती सामायिकच राहिली होती. या वेळी तिने पार तळापर्यंत प्रत काढली. मग मनातल्या मनात हात जोडून चाळीसही खाटांवर एकेक बदल करून पाहिला. बाकीच्या एकोणचाळीस जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताटं वर गेली. ती लिफ्टच्या दाराशी जीव मुठीत धरून उभी. अर्ध्या तासाने परिचारिका उतरली, हातात अर्धवट खाल्लेलं एकच ताट. सात नंबरचं.

"काय झालं?"

"आजोबा रुसलेत. म्हणतात, काल बरं होतं, सगळ्यांनाच अळणी होतं. आज शेजारचा मिटक्या मारतोय!"

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. मागून मेट्रनबाई आल्या. त्यांनी चाळीस जणांची यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि चष्मा उतरवला.

"बाळंतिणींचा वॉर्ड कधी जोडता?"

"सोमवारपासून?" तिने विचारलं.

"सोमवारी चालेल."

"आधी दोन घास खा," मावशींनी स्टूल पुढे सरकवलं. "कालपासून पोटात काही नाही पोरीच्या."