भुऱ्याचा उजवा गाल

दर्शना नर्स म्हणून मस्कतला गेली, तेव्हापासून भिवपुरीच्या घरी तिची आठवण काढायचा तो भुऱ्या कुत्रा. निदान जानकीबाई तरी तसंच सांगायच्या. लेकीचा फोन आला की म्हणायच्या, "तुझा भुऱ्या लय याद काढतो गं." स्वतःचं काही बोलायच्या नाहीत. पोर एवढ्या लांब कामाला गेलेली, तिचा जीव कशाला खाली-वर करायचा?

भुऱ्याला दर्शनानंच कॉलेजात असताना स्टेशनजवळून उचलून आणलं होतं. तो झोपायचाही तिच्याच खाटेखाली.

यंदा भातकापणी झाली आणि भुऱ्या बदलला. फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून पडून राहू लागला. माणूस आलं तरी उठेना, भाकरी टाकली तर हुंगून सोडून देई.

"म्हातारा झाला तो," जानकीबाईंचा नवरा चंदर म्हणाला.

"म्हातारा नाय. पोरीची वाट बघतोय."

संध्याकाळी जानकीबाई फाटकाजवळच्या पायरीवर त्याच्याशेजारी जाऊन बसायच्या. चंदर लेकीचं नावही काढत नसे, आत टीव्ही लावून बसे. घरात आणखी कुणाला तरी आपल्यासारखंच होतंय, याचा जानकीबाईंना आधार वाटायचा. "येईल रं," त्या भुऱ्याला म्हणायच्या.

एके सकाळी त्यांनी सुकट भाजली. वास सुटताच भुऱ्या धावत चुलीपाशी आला. त्यांनी ताटलीत भाकरीवर थोडी सुकट घातली. त्यानं घास घेतला, मान डावीकडे वाकडी करून चावू पाहिला आणि टाकून दिला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. मग नुसताच ताटलीकडे बघत उभा राहिला. तोंडातून लाळ गळत होती.

जानकीबाईंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. दर्शना गेली तेव्हा त्यांना स्वतःला कितीतरी दिवस अन्नाचा वासही नको झाला होता. याला तर भूक होती. याला खाता येत नव्हतं.

त्यांनी त्याच्या उजव्या गालाला हात लावला, तर भुऱ्या गुरगुरला. आजवर कधी गुरगुरला नव्हता. लगेच त्यांचा हात चाटू लागला.

"अवो, उठा! याला दुखतंय कायतरी!"

शेजाऱ्याच्या टेंपोतून दोघं त्याला कर्जतला घेऊन गेले. तिथल्या जनावरांच्या डॉक्टर सदफनी त्याच्या तोंडाला पट्टी बांधून अलगद ओठ वर केला. मागची दाढ चिरली होती, खाली पू झाला होता.

"बऱ्याच दिवसांचं आहे, मावशी. कुत्री ओरडून सांगत नाहीत. गप्प होतात, एका जागी पडून राहतात, एका बाजूनं चावतात. बघणाऱ्याला वाटतं, रुसलंय."

"आमाला वाटलं, पोरीची आठवण येते त्याला."

"तीही येत असेल," सदफ म्हणाल्या. "पण आधी ही दाढ काढू."

भूल देऊन दाढ काढली. थोड्याच दिवसांत भुऱ्या भाकरी मागू लागला, कोंबड्यांमागे धावू लागला. फाटकाकडे तो फिरकेनासा झाला.

जानकीबाईंना हायसं वाटलं. पण संध्याकाळी सवयीनं पायरीवर जाऊन बसल्या, तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. भुऱ्या परसात मांजरावर भुंकत होता. रस्त्याकडे बघणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांना भडभडून आलं.

टीव्हीचा आवाज थांबला. चंदर बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसला.

"मला पण करमत नाय," तो म्हणाला. "लाव फोन."

दर्शनानं फोन उचलताच विचारलं, "भुऱ्या कसा हाय? काढतो का आठवण?"

"तो मजेत हाय," जानकीबाई म्हणाल्या. "मला येते गं तुझी आठवण. तुझ्या बाबांना पण."

पलीकडून हुंदका आला. एरवी जानकीबाईंनी घाईघाईनं विषय बदलला असता. त्या दिवशी त्यांनी लेकीला पोटभर रडू दिलं.