बावीस नंबरचं नाव

मी व्हिडिओ गेमची एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. मधोमध भोक, पाठीवर ओरखडे आणि पोटात अख्खं अमेरिकन फुटबॉलचं मैदान. यंत्रात सरकवलं की माझे ढोल वाजू लागतात, गवत हिरवं होतं आणि पोरं धावत सुटतात.

अलाबामातल्या पेटवेंच्या घरी मी आले, तेव्हा त्यांचा डेल्विन कॉलेजच्या संघात चेंडू घेऊन पळायचा. माझ्यातही तो होता. तीच उंची, तेच डावखुरेपण, कोपराला तीच पांढरी पट्टी. नाव तेवढं नव्हतं. नाव घ्यायचं तर त्याला विचारावं लागलं असतं, मोबदला द्यावा लागला असता. आणि कॉलेजच्या पोरांना तो घ्यायची बंदी होती. विकणाऱ्यांना मात्र कसलीच बंदी नव्हती.

त्याची बहीण ओडेसा चिडली. बटणं दाबदाबून तिनं पडद्यावरच्या त्याच्या पाठीवर नावाचं एकेक अक्षर जुळवलं. तरी माझ्या पोटातला निवेदक घोकायचा, "बावीस नंबर!"

"अरे मेल्या, पेटवे म्हण, पेटवे!" ती ओरडायची.

मग दर रविवारी चर्चहून आल्यावर तो रिवाजच पडला. मी म्हणायचे "बावीस", आणि सोफ्यावरून, तळणाच्या कढईपासून सगळं घर गर्जायचं, "पेटवे!"

"फुकटात पळवतात बघ मला," डेल्विन म्हणायचा.

"पळ की. तिथं निदान गुडघा तरी दुखत नाही," आई म्हणायची.

त्याच हिवाळ्यात खऱ्या मैदानावर त्याचा गुडघा मोडला. त्याचा नंबर दुसऱ्याच्या पाठीवर गेला. माझ्यात मात्र तो न लंगडता धावतच राहिला, आणि मी विकली जातच राहिले. स्वतःचाच राग येतो मला.

पुढे फुकट वापरलं म्हणून खेळाडूंनी दावे लावले, कोर्टकचेऱ्या झाल्या, माझ्यासारख्या तबकड्या बनायच्या थांबल्या. आई गेली. आता नवा खेळ आलाय. त्याला तबकडीही लागत नाही. पोरांना विचारतात, मोबदला देतात, निवेदक नावानं हाक मारतो. भलं झालं. पण आधीच्यांचं काय?

"मामा, तू कुठायस यात?" ओडेसाच्या लेकीनं, झोरानं विचारलं.

"मी आधीचा गं."

तिनं खोक्यातून मला काढलं, पुसलं, जुन्या यंत्रात घातलं. डेल्विन धावला. मी म्हणाले, "बावीस नंबर!"

घर गप्प.

"हा नाव का घेत नाही?" झोरा वैतागली.

"त्याला कुणी सांगितलंच नाही," डेल्विन गुडघा चोळत म्हणाला.

मित्रांनो, माझे ओरखडे राहू द्या. मला पुसून जपा, असंही म्हणत नाही. मला एवढंच बोलता येतं. म्हणून मी "बावीस" म्हटलं, की तुम्ही गप्प बसू नका.