पाचवं डोकं

गोंदियाच्या त्या सलूनमध्ये माणसं पाच होती आणि नीतूची अडचण तिथूनच सुरू होत होती.

सोमवारी सलून बंद असायचं. पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळे सकाळी नऊला यायचे, आरसे पुसायचे, कात्र्यांना तेल द्यायचे आणि मग एकमेकांचे केस कापायचे. दुसऱ्या दुकानात जाऊन डोकं देणं म्हणजे आपल्याच दुकानाची बेइज्जती, असं मालकीण अल्का मॅडमचं म्हणणं होतं. चंद्रकुमार गुड्डूचे कापायचा आणि गुड्डू चंद्रकुमारचे. मॅडमचे केस रीना बघायची आणि रीनाचे मॅडम. नीतू उरायची.

कुणी तिला मुद्दाम बाजूला ठेवलं होतं असं नाही. ती आली तेव्हा जोड्या लागून गेल्या होत्या, एवढंच. पहिल्या महिन्यात रीना म्हणाली होती, "तुझं आपण नंतर करू गं." ते नंतर अडीच वर्षं झाली तरी आलं नव्हतं, आणि आठवण करून देणं नीतूच्या स्वभावात नव्हतं. चार डोक्यांचे केस जमिनीवर पडले की ती झाडू घ्यायची, सगळं भरायची, "निघते मी" म्हणायची आणि स्टेशनकडे चालू लागायची. ती कुठे जाते हे कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी मॅडमच्या डोक्यात बोर्डाचं खूळ शिरलं. आत आल्या आल्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो, खाली प्रत्येकाची माहिती, कुठून आला, कशात हुशार. "कस्टमरला कळायला पाहिजे ना, किसके हाथ में सिर दे रहे हैं!" लिहायचं काम अर्थातच नीतूवर आलं, कारण बी.एस्सी. ती एकटीच होती.

नीतूने ते काम प्रयोगवहीसारखं घेतलं. माणूस स्वतःबद्दल सांगतो ते धरायचं नाही, असं तिने आधी ठरवलं. कुणाचा हात कसा आहे हे ज्याच्या डोक्याला तो हात लागतो त्याला विचारायचं. म्हणून तिने चंद्रकुमारबद्दल गुड्डूला विचारलं.

"भैया का हाथ? पता ही नहीं चलता," गुड्डू म्हणाला. "मैं तो सो जाता हूँ. एक बार आँख खुली तो कटिंग हो चुकी थी और ये साहब बिस्कुट खा रहे थे, मेरे वाले."

"तुह्ये कुठचे? दुकानाचे होते ते," चंद्रकुमार आरशातून म्हणाला.

चंद्रकुमार आमगावचा. त्याचे वडील बाजाराच्या दिवशी लाकडी पेटी आणि एक खुर्ची घेऊन झाडाखाली बसायचे. झोपलेल्या बाळाचं जावळ बाळाला न उठवता उतरवणारा माणूस म्हणून लोक अजून चंद्रकुमारला शोधत येत. गुड्डू आधी ट्रकवर नावं आणि पट्टे रंगवायचा. त्याची दाढीची रेघ इतकी सरळ का येते, याचं कारण नीतूला इथे सापडलं. "बोलते लई," चंद्रकुमारने त्याच्याबद्दल सांगितलं, "पन वस्तरा हातात आला का चूप. तोंड आन हात एका वेळी चालत नाहीत त्याचे. गिऱ्हाईकाचं नशीब." रीनाच्या घरी फुलांचं दुकान होतं. पाचवीपासून गजरे ओवून तिची बोटं अशी तयार झाली होती की तिने घातलेला अंबाडा वरातीत दोन तास नाचूनही हलायचा नाही. आणि मॅडमने स्वयंपाकघरात एक आरसा लावून सुरुवात केली होती. भाजी करपली तरी गिऱ्हाईक उठवलं नाही, हे रीनाने अभिमानाने सांगितलं.

चार परिच्छेद झाले. पाचव्याला नीतूची पद्धत चालेना. तिच्या हाताबद्दल विचारावं असं सलूनमध्ये कुणी नव्हतं. गिऱ्हाईकं होती, पण ती रंग कसा आला ते सांगणार, हात कसा लागला ते नाही. दोन दिवस ती जागा तिने मोकळी ठेवली आणि शेवटी मॅडमला सांगितलं.

मॅडम फोनवर होत्या. फोनवर तळहात ठेवून म्हणाल्या, "अगं, लिही ना, हेअर कलर स्पेशालिस्ट. आणि बी.एस्सी. टाक. वजन पडतं."

बोर्ड शनिवारी लागला. मॅडमने त्याचा फोटो काढून जिल्हाभर पाठवला. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी नीतू नेहमीसारखी केस भरून, "निघते मी" म्हणून तिरोड्याच्या गाडीत बसली.

तिरोड्याला बसस्टँडमागे देवकाबाईचं पार्लर होतं. एक खोली, एक पडदा, एक आरसा. बेसिन नव्हतं. गिऱ्हाईकाने प्लास्टिकच्या खुर्चीत पाठमोरं बसून मान मागे टाकायची, खाली टब, आणि देवकाबाई बादलीतून मगाने पाणी ओतायची. पन्नाशीची, दणकट बाई. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून त्यांना रबर लावायची. डोकं धुता धुता ती कुणाशी तरी भांडत असायची, फोनवर, नाहीतर भिंतीपलीकडच्या बकाराम शिंप्याशी, आणि भांडणाचा सगळा जोर तिच्या बोटांत उतरायचा. नखं लागायची. मगाचं पाणी कानात जायचं. मान धरायची पद्धत तर सपशेल चुकीची होती. नीतूला प्रत्येक चूक कळत होती, आणि तिला त्यातली एकही सुधारायला नको होती. महिनाभर चारशे डोक्यांना हात लावल्यावर तिच्या डोक्याला लागणारा हा एकच हात होता. तो टिकावा यासाठीच ती इथे खोटं बोलत आली होती.

खोटंही तिचं स्वतःचं नव्हतं. देवरीकडच्या तिच्या गावात वडील, उदाराम, सगळ्यांना सांगायचे की पोरगी गोंदियाले कॉलेजच्या लॅबात हाये. पहिल्याच दिवशी देवकाबाईने तिची डागाळलेली बोटं बघून विचारलं होतं, "हे काय व, हात काळे काऊन?" तेव्हा नीतूच्या तोंडून तेच उत्तर गेलं होतं. केमिकल असतात, मावशी.

"आली व लॅबवाली?" आज पडदा सारताच देवकाबाई म्हणाली. "बस. सुकून गेली पोरगी. तुह्या लॅबात जेवाले देत नाहीत का?"

"देतात, मावशी."

"मंग जाते कुठं ते? केसात?" आणि भिंतीकडे तोंड करून, "ओ बकाराम! मशीन बंद कर जरासक, माहं डोस्कं फिरून राहिलं!"

"तुहं डोस्कं मशीननं नाही फिरत," भिंतीपलीकडून आवाज आला, "ते पहिल्यापासून तसंच हाये."

नीतूने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. पाणी आलं, मग बोटं आली. बकारामच्या सात पिढ्यांचा उद्धार तिच्या टाळूवर होऊ लागला. तेवढी दहा मिनिटं तिला काही नको होतं.

धुऊन झाल्यावर ती आरशासमोर बसली. देवकाबाईने केसांचे भाग पाडले, वरचा भाग चिमट्यात अडकवला आणि मागून कापायला सुरुवात केली. चिमटा जुना होता. त्याची स्प्रिंग सुटली आणि वरचे ओले केस घसरले.

ते खाली यायच्या आत नीतूचा हात वर गेला होता. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये बट धरून, मुळाशी काटकोनात, सारख्या ताणाने तिने ती उचलून ठेवली, कात्रीसाठी. विचार केला असता तर तिने केलं नसतं. पण हे विचारातून येतच नव्हतं.

कात्री थांबली.

"हे कोनं शिकवलं तुले?"

नीतूने बट सोडली. उशीर झाला होता. देवकाबाईने तिचा हात धरून उजेडाकडे वळवला. कात्रीच्या कडीने अंगठ्यावर घट्टा पडला होता, तसाच घट्टा देवकाबाईच्या अंगठ्यावरही होता. मग तिने टेबलावरचा मोबाईल उचलला, वर-खाली केलं आणि आरशासमोर धरला. बोर्डाचा फोटो. पाचवा चेहरा नीतूचा.

"मले वाटलंच होतं, ही आपल्या लॅबवालीवानी दिसून राहिली. मी म्हनलं, असन कोनी." तिचा आवाज चढला. "माही परीक्षा घेऊन राहिली होती का एवढे दिवस? का तुह्या मालकिनीनं धाडलं, तिरोड्यात दुकान टाकाचं हाये, पाहून ये म्हनून?"

"नाही, मावशी."

"मंग कायले येतं? तिथं त एवढं मोठं बेसिन हाये, फोटूत दिसते!"

"डोकं धुवायला येते."

"तिथं कोनी नाही धूत?"

"तिथं जोड्या आहेत. मी पाचवी."

"मंग सांगाचं त्याहिले, माहं धुवा म्हनून. तोंड नाही तुले?"

"सांगाले जमत नाही, मावशी," नीतू म्हणाली. गावची बोली तिच्या तोंडी फार दिवसांनी आली होती. "सांगून धुतलं त मंग काय."

भिंतीपलीकडचं मशीनही थांबलं होतं. देवकाबाईने चिमटा नीट लावला, कंगवा पाण्यात बुडवला आणि पुन्हा कात्री घेतली.

राग गेला होता, हे नीतूला हातावरून कळलं. पण त्या रागाबरोबर आणखीही काहीतरी गेलं होतं. बोटं आता केसांना विचारून पडत होती. प्रत्येक कापाआधी कात्री किंचित थबकत होती आणि आरशातून देवकाबाईचे डोळे नीतूच्या चेहऱ्याकडे जात होते. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखे.

"पाहा बरं," शेवटी ती म्हणाली. "बराबर हाये का? तुमी सांगा."

तुमी. नीतूने आरशात बघितलं. डावी बाजू अर्धं बोट लांब होती.

"छान झालंय," ती म्हणाली.

तिने पर्स उघडली तशी देवकाबाई मागे सरकली. "नोको, नोको. आपल्या लाइनीतल्या बाईकडून मी घेत नाही. माह्या उस्तादीननं तसंच शिकवलं हाये."

"दर वेळी घेतले ना, मावशी. घ्या."

"तवा तुमी लॅबवाल्या होत्या."

नीतूने पर्स मिटली. पैसे न घेणं हा या धंद्यातला मान होता, तिला ते ठाऊक होतं. चंद्रकुमारही बाहेरगावच्या कारागिराकडून घ्यायचा नाही. पण पैसे दिले नाहीत तर ती गिऱ्हाईक नव्हती, आणि गिऱ्हाईक नसेल तर त्या खुर्चीत ती कोण म्हणून बसणार होती?

दाराशी देवकाबाईने तिला थांबवलं. "पुढच्या बारीनं याल त मले तो कलर शिकवा न वो. पोरी येतेत, हा रंग पाहिजे, तो रंग पाहिजे म्हनतेत. मी मेहंदीच्या पुढं गेलीच नाही."

"शिकवीन," नीतू म्हणाली.

मार्चच्या पहिल्या सोमवारी ती ट्यूब, वाटी, ब्रश घेऊन गेली. देवकाबाईने वही विकत घेऊन ठेवली होती आणि दोन पोरी बसवून ठेवल्या होत्या. खुर्चीवर नवा टॉवेल होता. नीतू दुपारी बारापासून साडेचारपर्यंत त्या खुर्चीमागे उभी राहिली. रंग आणि त्यात मिसळायचं डेव्हलपर कसे मोजायचे, कानामागच्या एका बटेवर आधी का लावून बघायचं, पाकिटातली काळी मेहंदी लावलेल्या केसांवर रंग चढवला तर केस गरम होऊन कसे तुटतात, हे सगळं तिने सांगितलं. देवकाबाई चटकन शिकली. मध्येच बकाराम डोकावला तेव्हा ती त्याच्यावर ओरडली नाही. "ह्या गोंदियाच्या मॅडम," तिने ओळख करून दिली, "बी.एस्सी. हायेत." बकारामने नमस्कार केला आणि मशीनचा आवाज करू का, असं नीतूला विचारलं.

पोरी खूष होऊन गेल्या. देवकाबाईने चहा केला, चिवडा काढला. बादलीत पाणी होतं, टब कोरडा होता. नीतूने कप विसळून ठेवला आणि थोडा वेळ त्या टबाजवळ उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "गाडीला अजून पाऊण तास आहे."

"हो ना. आरामात जा." मग तिच्या ध्यानात आलं आणि तिने चक्क कान पकडले. "ना वो बाई. तुमच्या डोक्याले आता मी काय हात लावू? शरम नाही वाटन मले? गोंदियाले जाऊन हाससान."

"हसणार नाही."

"तुमी नाही हासनार. पन मले वाटून राहीन न, का हे चुकलं, ते चुकलं." तिने बांगड्यांचं रबर काढलं आणि बांगड्या मनगटावर सोडल्या. "तुमचं त तुमच्याच दुकानात व्हाले पाहिजे."

गाडी वेळेवर होती. नीतूसमोर मान पुढे टाकून पेंगणाऱ्या बाईच्या टाळूवर दोन भोवरे होते, असे शंभरात पाच-सहांना असतात. गोंदिया येईपर्यंत ती तेच बघत होती.

खोलीवर आल्यावर तिने मोरीत बादली भरली आणि खाली बसून केस पुढे घेतले. कॉलेजात तिने वाचलं होतं की माणसाला स्वतःच्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत, कारण हात हलायच्या आधीच मेंदूला त्याची खबर गेलेली असते. तिने डावा हात वापरून बघितला. नखं लावून बघितली. एकदा तर बोटं हवेत थांबवली आणि ती कुठे पडणार हे न ठरवता सोडली. पण डोक्याला ते आधीच कळलं होतं. शाम्पूचा फेस संपेपर्यंत तिने चार वेळा प्रयत्न केला. शेवटी तिने बादलीत मग बुडवला आणि पाणी ओतलं.