चिमूटभर तंबाखूची भेसळ

माझ्या तरुणपणी अथाबास्का नदीतले मासे इतके माजोरी होते, की जाळं टाकलं तर तेच आम्हाला ओढत न्यायचे आणि पलीकडच्या काठावर सोडून द्यायचे. आमचा मोडेस्ट असाच दोनदा सासुरवाडीला पोचला. हल्लीच्या माशांना स्वतःचं शेपूट ओढवत नाही.

मोडेस्टची जाळी ज्या वळणावर, त्याच्याच वरच्या अंगाला तेल कंपनीला आणखी एक तळं खणायचं होतं. वाळूतून तेल धुऊन काढलं की जो आम्लं मिसळलेला गाळ उरतो, त्याचं. जुनं तळं नदीत झिरपतंय हे सिद्ध झालं, तर नवं होणार नव्हतं. कंपनी म्हणायची, "पाण्यात आम्लं? ती नदीचीच. डांबराच्या कड्यांतूनच वाहते ना ती!"

म्हणून गावाने शहरातून एक रसायनवाली आणली, हेडविग नावाची. ती म्हणाली, "मोडेस्टकाका, नदीची आम्लं वेगळी, तळ्यातली वेगळी. आमच्या यंत्राला फरक कळतो. फक्त पाणी निर्मळ हवं. बाटलीच्या तोंडाला बोटसुद्धा लावू नका."

मोडेस्टने बोट लावलं नाही. बाटली बुडवण्याआधी, तिच्या डोळ्यांदेखत, त्याने चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली. नदीकडून घ्यायचं तर आधी द्यायचं, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. हेडविगने पाहिलं आणि मान खाली घातली. प्रार्थनेत मध्ये बोलू नये, असं तिला कुणीतरी चांगलं वळण लावलं होतं.

नव्या तळ्याच्या सुनावणीत तिने सांगितलं, नदीच्या पाण्यात तळ्याची आम्लं सापडली. कंपनीचा वकील उठला. भारी अदबशीर माणूस.

"आजोबा, नमुन्यात तंबाखूही आहे. ती कशी आली?"

"मी टाकली."

"का बरं?"

"न विचारता घेतलं तर चोरी होते, साहेब. तुमच्यात काय म्हणतात त्याला?"

सगळे हसले. वकीलही हसला. मग म्हणाला, "या परंपरेबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. नमुना मात्र भेसळीचा."

"तंबाखूने तळ्याची खूण पुसली जात नाही!" हेडविग ओरडली.

"भेसळ झाली की नाही, तेवढं सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"झाली, पण—"

"धन्यवाद."

"मग दुसरी बाटली भरा की!" मी उठून म्हणालो.

"मुदत संपली. आणि तुम्ही बसा. तुमचे मासे आम्ही ऐकून आहोत."

बाहेर हेडविगच्या डोळ्यांना धार लागली. "मी तुम्हाला अडवायला हवं होतं, काका."

"अडवलं असतंस, तर मी बाटली भरलीच नसती, पोरी."

हा धीर होता की टोला, मला अजून उमगलेलं नाही.

तळं झालं. या शरदात मोडेस्टने जाळं ओढलं, मासे उकडून कुत्र्यांपुढे टाकले. कुत्र्यांनी हुंगलं, एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि उपाशीच निजली.

"यांना न्यायचं का साक्षीला?" मी विचारलं.

"यांची कोण घेतोय?" मोडेस्ट म्हणाला. "आई लांडगीण होती यांची. म्हणजे हीही भेसळच."

मग तो पाण्यात उतरला आणि जाळ्याच्या मेखा उपटायला लागला.