द्वारकेचे शंखभस्म

साल दोन हजार पंचवीस. त्या उन्हाळ्यात जपानात तांदळाची टंचाई झाली आणि टोकियोतल्या निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीत अन्नयोगी विजयकुमार अवतरले. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या यात नवल नाही. धान्य कमी पडले की गोदामात उंदीर आणि गावात महाराज हटकून दिसू लागतात.

जुलैच्या त्या रविवारी वॉर्डाचे भाड्याने मिळणारे सभागृह ओसंडून गेले होते. दाराशी बुटांच्या रांगा, आत पुण्या-मुंबईची माणसे. ज्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर टोकियोच्या बँका चालतात, ती मंडळी मांडी घालून हात जोडून बसली होती. मागे खुर्चीवर लीलावतीबाई टिकेकर. वय अडुसष्ट, सांगलीच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मुलाकडे उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या आणि "आई, एकदा बघा तर खरं," म्हणत सून चारुता त्यांना घेऊन आली होती. शेजारी नऊ वर्षांची नात आर्या पेंगत होती.

पुढे टेबलावर काचेचे दोन वाडगे. भगवी शाल, पांढरी दाढी, मनगटावर मात्र महागडे घड्याळ. महाराजांनी वाडग्यांवर वाकून शंख वाजवला.

"अन्न बोलतं, माई. कान असेल तर ऐका."

लीलावतीबाईंच्या हातातला पंखा थांबला.

"हा बाजारातला तांदूळ. सरकारी साठ्यातला. कोणाच्या घरचा?"

"माझ्या," चारुता उठून म्हणाली.

वाडग्यात कोमट पाणी. महाराजांनी डबीतून पांढऱ्या पुडीची चिमूट सोडली. "द्वारकेचं शंखभस्म! जपानचं यंत्र फक्त वजन करतं, हे भस्म पाप तोलतं!" बघता बघता पाणी पिवळे झाले. सभागृहातून हाय निघाली.

"पाहिलंत? गोदामात कोंडलेल्या तांदळाचं विष. कीड खात नाही असा तांदूळ तुम्ही लेकरांना भरवता?" मग त्यांनी पळीभर तीर्थ ओतले. पिवळेपणा मावळला. "विष शरण आलं!"

दुसऱ्या वाडग्यात महाराजांचा 'सिद्ध' तांदूळ होता. मेधा नावाच्या उत्साही बाईंनी तो आधी तीर्थ शिंपडून 'जागा' केला. मग तीच चिमूट, तेच पाणी, आणि पाणी जसेच्या तसे निर्मळ. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेरच्या टेबलावर सिद्ध तांदळाच्या पिशव्या हातोहात खपल्या.

लोक मूर्ख नव्हते, घाबरलेले होते. जपानच्या सरकारने वर्षानुवर्षे शेतकऱ्याला सांगितले होते की भात कमी लावा, म्हणजे भाव पडणार नाही. मग उन्हाने पीक मारले, दुकानांतल्या फळ्यांवरची पोती गायब झाली, भाव दुपटीला गेले, आणि सरकारने आपत्काळासाठी ठेवलेला जुना साठा विकायला काढला. त्यासाठी लोक सकाळपासून रांगा लावत होते. पिशवीवर काय लिहिले आहे ते चारुताला वाचता येत नव्हते. परक्या देशात, न वाचता येणाऱ्या पिशवीतून मुलीला जेवू घालणाऱ्या आईला मराठीतून कोणी 'माई' म्हटले, की ती त्याच्या मागे जाते. चूक झाली ती इथेच.

पण लीलावतीबाईंना भाबडेपणाचा राग नव्हता. त्यांना तो आवाज आठवला होता.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची सांगली. रेशनवर परदेशातून आलेली मायलो नावाची लाल ज्वारी मिळे, लोक ती नाक मुरडत खात. तेव्हा हळदीच्या पेठेजवळ एक विशीतला पोरगा शंख वाजवत बसायचा. मायलोवर भस्म टाकले की पाणी रक्तासारखे लाल. "अन्न बोलतं, माई." लीलावतीची थोरली बहीण स्नेहलता पहिलटकरीण होती. तिने रेशनचे धान्य टाकले आणि त्या पोरग्याच्या प्रसादाच्या पेजेवर राहिली. बाळंतपणात अंगात रक्तच नव्हते. आई आणि मूल दोघेही गेले. वडील जाब विचारायला एकटेच गेले, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गावातून नाहीसा झालेला.

दहावीतल्या लीलावतीने तेव्हा ठरवले की हे पाणी लाल का होते ते शिकायचे. ती शिकली. पुढे पस्तीस वर्षे मुलींना शिकवले. ज्याच्यासाठी शिकली, तो मात्र भेटला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी विचारले, "आर्या शाळेत जेवत नाही का ग?"

"शाळेचं जेवण बंद केलंय आई. तिथेही तोच तांदूळ असणार. डब्यात सिद्ध तांदळाची पेज देते. श्रावणापासून दूध आणि पालेभाजीही बंद करायला सांगितलंय महाराजांनी."

जपानी शाळेत मुले पांढऱ्या टोप्या घालून एकमेकांना वाढतात आणि एकत्र जेवतात. आर्या रोज त्यांच्यात बसून पेज पीत होती. गेल्या आठवड्यात कवायतीत चक्कर येऊन पडली, म्हणून बाईंचा फोन आला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रक्त कमी आहे म्हणाले. विष बाहेर पडताना तसं होतं, असं महाराज म्हणतात."

मुलगा शशांक रविवार असूनही कावासाकीच्या ऑफिसातून थकून आला होता. "आई, तू मधे पडू नकोस ग. तिची श्रद्धा आहे."

"तुझी मावशीही श्रद्धेनेच गेली," एवढे बोलून लीलावतीबाई उठल्या आणि आर्याला साजूक तूप लावून मेथीचा पराठा दिला. मुलीने दोन खाऊन तिसरा मागितला, तेव्हा चारुताने तोंड फिरवले.

आता जपानची एक रीत. सभागृह भाड्याने घेतले की कचरा आपला आपण घरी न्यायचा, वेगवेगळा करायचा, आणि आत काय आहे ते दिसेल अशा पिशवीतून टाकायचा. महाराजांनी सेवेकऱ्यांना पाळ्या लावून दिल्या होत्या. त्या रविवारची पाळी चारुताची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी सोडून लीलावतीबाई प्लॅस्टिक वेगळे करत बसल्या. कागदी पेले, फुले, अगरबत्तीचे पुडे आणि दोन प्रकारची रिकामी पाकिटे.

"आर्या, हे वाच बरं."

आर्याने पाकीट उलटे-सुलटे केले. "होताते. म्हणजे तो शिंपला ग आजी, सुशीवर असतो तो. त्याच्या कवचाची पावडर. भाजी धुवायची. हे शंभर येनच्या दुकानात मिळतं."

"आणि हे?"

"कुएनसान. आंबट असतं. किटली घासायला आईपण आणते."

लीलावतीबाई हसल्या. फार दिवसांनी, आणि त्या हसण्यात काही गोड नव्हते. भाजलेले कवच म्हणजे चुना. आंबट पूड म्हणजे लिंबाचे सत्त्व. सांगलीच्या मुलीला याहून जास्त काय सांगायचे? त्यांनी वाटीत हळद कालवली, शिंपल्याच्या रिकाम्या पाकिटाच्या कडेची पूड झटकली. कुंकू! लिंबू पिळले. पुन्हा हळद.

"सुगोई! आजी, जादू!"

"जादू नव्हे बाळा. जादू असती तर मी त्याला सोडला असता."

"मग आजच आईला दाखव ना."

"आईला एकटीला दाखवलं तर तो उद्या दुसऱ्या गावात शंख वाजवेल. चारचौघांत दाखवायचं. तुझे पणजोबा एकटे गेले होते."

श्रावणातला शुक्रवार आला. मेधाने त्याच सभागृहात हळदीकुंकू ठेवले होते. भिंतीवर जिवतीचा कागद, सवाष्णींना दूध-फुटाणे, ऑफिसातून लवकर सुटलेले नवरे मागे उभे, त्यांत शशांकही, आणि मध्यभागी महाराजांचे टेबल. जिवती म्हणजे लेकरांना राखणारी. तिच्यासमोर हा बाबा लेकरांचे दूध तोडायला बसला होता.

लीलावतीबाई हळदीचे ताट घेऊन पुढे निघाल्या. मेधा गडबडली. "आजी, म्हणजे राग मानू नका... तुम्ही कसं हळदीकुंकू...?"

"विधवेच्या हातची हळद आमटीत पिवळीच उतरते ना ग? मग इथे काय होतं बघू." त्या थेट टेबलाशी गेल्या. "महाराज, तुमच्या भस्माला हळद वाहायची होती. द्वारकेचंच ना?"

"साक्षात, माई! समुद्रस्नान झालेलं."

त्यांनी भस्माच्या ताटलीत ओली हळद सोडली. ताटली लालभडक झाली. बायका ओरडल्या, कोणी नमस्कार केला. महाराज क्षणभर बिचकले, मग दोन्ही हात उंचावून गरजले, "कौल! देवीने कौल दिला!"

"दिला ना? आता तीच देवी भांडी घासायच्या सोड्यातून बोलते ऐका." पर्समधून पुडी निघाली. ताटातल्या हळदीवर पडताच तीही लाल. मागून कोणीतरी खुदकन हसले. "आणि आता ती लिंबाला शरण जाते." हळद पिवळी.

"हा दैवताचा अपमान आहे!"

"थांबा, दैवत अजून आलंच नाही." त्यांनी मेथीची जुडी कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवली. "ही मी मुलाच्या गॅलरीत स्वतः पेरली. पाण्याशिवाय काही घातलं नाही. टाका तुमचं भस्म."

"माझं भस्म खेळणं नाही."

लीलावतीबाईंनी स्वतःच डबीतली चिमूट टाकली. कोमट पाणी हळूहळू पिवळे झाले.

"ही कुठल्या सरकारने कोंडली होती, महाराज? आता तुमचा सिद्ध तांदूळ. पण तीर्थ न शिंपडता."

महाराजांनी पिशवी छातीशी धरली. "सिद्ध अन्नाला संशयाचा हात लागला की ते—"

"बोलतं का?" आवाज चारुताचा होता. ती टेबलाशी येऊन उभी होती. "मलाच ऐकू दे मग. गेला महिनाभर माझी मुलगी हेच खातेय."

तिने ती पिशवी ओढून घेतली, दात लावून फोडली, मूठभर तांदूळ दुसऱ्या वाडग्यात टाकला, वर पाणी, वर भस्म. पाणी पिवळे झाले. चारुता वाडग्याकडे पाहतच राहिली.

लीलावतीबाई वर्गात बोलत त्या आवाजात बोलल्या. "धान्यात, भाजीत निसर्गाचाच एक बिनरंगी अंश असतो. चुन्याच्या पाण्यात तो पिवळा दिसतो, आंबट पडलं की पुन्हा दिसेनासा होतो. इथल्या रामेनच्या शेवया पिवळ्या असतात त्याही अशाच खाराच्या पाण्याने. विष असो वा नसो, पाणी पिवळं होणारच. आणि याच्या तांदळावर आधीच आंबट तीर्थ होतं, म्हणून तो पवित्र. आर्या, पाकीट वाच."

आर्याने खणखणीत वाचले. शिंपल्याचे कवच, भाजी धुण्यासाठी, मुलांच्या हाती देऊ नये.

"शिंपला?" मेधा किंचाळली. "म्हणजे मासळी? अग बाई, आम्ही श्रावणात भाजीही याच भस्माने धुतो...!"

"बाटल्याचं दुःख झालं तुला, आणि पोर उपाशी होतं त्याचं नाही?" लीलावतीबाई म्हणाल्या. मेधा खाली बसली.

महाराज शाल आवरून दाराकडे निघाले होते. पण दारात बूट शोधावे लागतात. लीलावतीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सांगली. हळदीची पेठ. लाल मायलो. स्नेहलता."

त्याने पाहिले. खरेच आठवत नव्हते. "माई, इतकी माणसं भेटतात..."

"ठाऊक होतं मला. म्हणून आठवणीचं काम मी केलं. शशांक, दार लाव. पोलिसांना फोन केलाय ना?"

"केलाय, आई," शशांक म्हणाला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

पुढे काय झाले तेही सांगते. विजयकुमार पर्यटकाच्या व्हिसावर येऊन धंदा करत होता. त्याला परत पाठवले. त्या संध्याकाळचा व्हिडिओ मात्र त्याच्या आधी घरी पोचला होता. वर्षाखेरीस त्याने नाशिककडे नव्या नावाने शंख वाजवला, तेव्हा पहिल्याच ओळीतल्या मुलीने विचारले, "महाराज, जरा हळद टाकू का?" त्यानंतर तो कुठे दिसला नाही. मेधा अजून लीलावतीबाईंशी बोलत नाही, पण भाजी साध्या पाण्याने धुते. शशांक आता "श्रद्धा आहे" असे म्हणण्याआधी आर्याच्या रक्ताचा रिपोर्ट विचारतो. चारुता पिशवीवरची अक्षरे शिकली: तांदूळ कुठला, कोणत्या वर्षाचा. शंका आली की वॉर्डाच्या ग्राहक केंद्रात जाऊन विचारते, आणि तिथे उत्तर मिळते. आर्या शाळेत पांढरी टोपी घालून भात वाढते आणि स्वतःला थोडा जास्त घेते.

लीलावतीबाई सांगलीला परतल्या. क्षमा त्यांनी केली नाही, करायची इच्छाही नाही. निघण्याआधी त्यांनी तो सरकारी जुना तांदूळ शिजवला, वर मेतकूट-तूप घेतले, आणि पहिला घास स्नेहलतेच्या नावाने बाजूला काढून ठेवला.

अन्नाची भीती वाटणे गैर नाही. सरकारला विचारा, दुकानदाराला विचारा, तपासणी मागा, त्यासाठी भांडा. पण कोणी रंग पालटून दाखवला, तर हात जोडण्यापूर्वी एवढेच म्हणा: आता हेच तुमच्या पानातल्या अन्नावर करा. ज्याचे खरे असेल तो करील. खोट्याला बूट शोधावे लागतील.