पोटातलं शिसं

सुताराचा उजवा हात लुळा पडला त्याला सात महिने होत आले होते. झटका आला त्या दिवशी तो लाकडाची मासोळी कोरत बसला होता. माशांना भुलवायची, बोटभर लांबीची, दोरीनं पाण्यातून ओढली की जिवंत असल्यासारखी वळवळणारी. अशा मासोळ्यांनी त्यानं नदीतल्या भल्याभल्या माशांना गळाला लावलं होतं. ही मात्र अर्धवटच राहिली.

त्याची बायको शिवणकाम करायची. नवरा दिवसभर खिडकीत ठेवलेल्या त्या अर्धवट मासोळीकडे बघत पडून राहतो, हे तिला पाहवेना. एका दुपारी तिनं मशीन थांबवलं आणि मासोळी हातात घेतली. काचपेपरनं घासली, पोटाला भोक पाडून शिसं भरलं, ओढताना पाणी कापून वळवळावी म्हणून डब्याचा पत्रा कापून तोंडाशी जीभ बसवली. खवल्यांच्या जागी त्याच्याच गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी पन्नी चिकटवली. ते बघून तो कितीतरी दिवसांनी हसला.

टबात ओढून पाहिलं तर मासोळी कुशीवर पडली. शिसं मागे घे, त्यानं डाव्या हातानं खूण केली. घेतलं, तर ती शेपटीवर उभी राहिली. मग पुढे घे. तीन दिवस घरात दुसरं काही नव्हतं. गिऱ्हाइकांचे कपडे पडून राहिले, पण तो उठून बसून जेवायला लागला होता.

चौथ्या दिवशी तिनं आपल्या मनानंच शिशाचे दोन तुकडे केले, एक गळ्याशी, एक पोटात. तो नको नको म्हणून मान हलवत होता. मासोळी टबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झोकात वळवळत गेली. त्यानं टबावरची नजर काढून घेतली. आनंदाच्या भरात तिच्या ते लक्षातच आलं नाही.

रविवारी सकाळी मासोळीला गळ लावून ती एकटीच नदीवर पुलाखाली गेली. गळ टाकायची सवय नाही, दोनदा झुडपात अडकला. सातव्या वेळी हातभर मासा लागला. ओल्या कपड्यांनिशी घरी येऊन तिनं सगळं एका दमात सांगितलं.

तो माशाच्या जबड्यातल्या मासोळीकडे बघत राहिला.

"शिसं दोन जागी," तो म्हणाला. जड जिभेवरून शब्द एकेक करून उतरत होते. "मला तीस वर्षांत सुचलं नाही."

"अहो, तुम्ही शिकवलंत म्हणून तर जमलं."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या प्लंबरला बोलावून पटाशा, करवत, गळांचा डबा, सगळं नेऊन टाकायला सांगितलं. तिनं परोपरीनं विनवलं. ठेवून काय करू, एवढंच तो म्हणाला. मग पलंगही खिडकीपासून हलवून घेतला.

आता ती दिवसभर शिवत असते. मध्येच मनात येतं, मासोळीची शेपूट दोन तुकड्यांत जोडली तर? मग ती पायडल जोरात दाबते आणि मशीनच्या आवाजात तो विचार बुडवून टाकते.