दवनीवाड्याचं आरएनए-जल

"चारशे बारा!"

यंत्रावरचा साखरेचा आकडा दुर्गाप्रसाद महाराजांनी माइकवर ओरडून सांगितला आणि दवनीवाडा गावातला अख्खा मंडप हळहळला. मंचावर चौदा वर्षांची गुंजन उभी होती. महाराजांनी दिलेला पेढा तिनं नुकताच तोडून खाल्ला होता.

"डॉक्टर लोग क्या बोलते? डीएनए का नब्बे टक्का कचरा है! अरे, तो कचरा नाही, झोपलेला देव आहे! तोच आरएनए बनून हार्मोनला हुकूम सोडतो. हम उसको जगाते हैं!"

त्यांनी तिचा हात पितळी गंगाळात बुडवून चोळला, पेलाभर 'आरएनए-जल' पाजलं आणि त्याच बोटाला पुन्हा सुई टोचली.

"एकशे अडतीस!"

जयजयकार झाला. गुंजनची आई रुख्मा रडत महाराजांच्या पायावर पडली.

मी गुंजनची विज्ञानाची शिक्षिका. त्या गर्दीत मीही होते. नवव्या वर्षापासून ही पोर इन्सुलिनवर जगत होती. पाच मिनिटांत साखर एवढी उतरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी मंचावर चढले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील भैयालाल रस्त्यात भेटले.

"इन्सुलिनची सुई बंद करू नका," मी म्हटलं.

"कायले टोचाची आता, मॅडम? पोरीचे हाल पाहून रायलो पाच वर्सं. आकडा तुमीबी पायला ना?"

मी वाद घातला नाही. शाळेला उशीर होत होता.

सुई बंदच राहिली आणि तिसऱ्या दिवशी गुंजनला उलट्या सुरू झाल्या. महाराजांच्या माणसानं सांगितलं, "कचरा निकल रहा है." चौथ्या दिवशी तिला धाप लागली. गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

तेरवीनंतर मी महाराजांच्या मंडपात गेले आणि सरळ मंचावर चढले. मला मधुमेह नाही. त्यांच्याच ताटातला पेढा हातात चोळला, खाल्ला नाही, आणि बोट टोचलं. तीनशे साठ! मग नळाच्या साध्या पाण्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. शहाण्णव.

"बोटाला लागलेली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते," मी माइकवर सांगितलं. "गंगाळात ती धुतली जाते. चमत्कार एवढाच."

"मॅडम पर भूत का साया है!" महाराज ओरडले.

मी बोलतच राहिले. "प्रथिनं न बनवणारे आरएनए खरोखर असतात. त्यातले काही इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम कमी-जास्त करतात. मधुमेहात त्यांचा वाटा किती, हे संशोधक शोधताहेत. पण पाण्यातून आरएनए पाजला, तरी तो पोटात पचून जातो. आणि गुंजनच्या शरीरात तर त्या पेशीच जवळपास संपल्या होत्या. मंत्र म्हणून जागं कोणाला करणार?"

भैयालाल मागून पुढे आले.

"मंग मॅडम, माह्या पोरीची खरी साखर किती होती?"

"एकशे अडतीसच, भाऊ. सकाळी तिनं सुई घेतली होती म्हणून."

ते मंचाच्या पायरीवर बसले. महाराज मंडपाच्या मागून गाडीत बसून निघून गेले. मी पोलिसांत तक्रार दिली. त्याच संध्याकाळी काही जण गंगाळातलं उरलेलं पाणी बाटल्यांत भरून नेताना मी पाहिले.

त्यांना आणि तुम्हालाही सांगते. आकडा दाखवणाऱ्याला हात धुऊन पुन्हा मोजायला लावा. विज्ञानाचे शब्द वापरणाऱ्याकडे पुरावा मागा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन बंद करू नका. आणि शंका आली, तर तिथंच, सगळ्यांसमोर बोला. मी बोलले, ते गुंजनच्या तेरवीनंतर.